महोत्सवाला अनुदान मिळते, दिवाबत्तीला मिळत नाही

संपादक महोदय,

सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी चालणाऱ्या छोट्या कलाकेंद्राचा मी कोषाध्यक्ष आहे. १२० खुर्च्यांचे सभागृह, त्यामागे तालमीची एक खोली आणि माडीवर गायन, तबला व कथक यांचे वर्ग एवढाच आमचा पसारा आहे. मी निवृत्त बँक कर्मचारी असून नाटकात कधी काम केलेले नाही; राज्य नाट्य स्पर्धेत एका वर्षी पडदा ओढला, तेवढाच माझा रंगभूमीशी प्रत्यक्ष संबंध. त्यामुळे कलेविषयी लिहिण्याचा अधिकार मी सांगत नाही. लिहायचे आहे ते हिशेबाविषयी आणि त्यातही अनुदानाविषयी, कारण आमच्यासारख्या संस्था अनुदान मिळाले नाही म्हणून अडचणीत येतात हे सर्वांना ठाऊक असले, तरी अनुदान मिळाल्यामुळेही त्या अडचणीत येऊ शकतात हे फारसे कोणी बोलत नाही.

दरवर्षी ५ नोव्हेंबरला, मराठी रंगभूमी दिनाच्या निमित्ताने, वृत्तपत्रांतून रंगभूमीच्या भवितव्याविषयी बरेच लिहून येते. मोठ्या शहरांतील नाट्यगृहांची दुरवस्था, तेथील बंद पडलेली वातानुकूलन यंत्रणा आणि तुंबलेली स्वच्छतागृहे यांची त्यात योग्य ती दखलही घेतली जाते. ऑगस्ट २०२४ मध्ये कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळाले, तेव्हा आमच्या भागातील कलावंतांना घरातले माणूस गेल्यासारखे वाटले, आणि त्याच्या पुनर्बांधणीसाठी शासन पुढे आले हे योग्यच झाले. परंतु त्या रंगमंचावर पोहोचण्याआधी नाटक कोठे तरी उभे राहावे लागते, गाणाऱ्या मुलीला आठवड्यातून दोनदा बसायला जागा लागते, आणि एकांकिका बसवणाऱ्या महाविद्यालयीन मुलांना रात्री साडेदहापर्यंत दिवा आणि पंखा चालू असलेली खोली लागते. मुंबईत १९७१ साली स्थापन झालेल्या ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रायोगिक नाटके केली, आणि त्या साध्या शाळेच्या नावानेच पुढे एक चळवळ ओळखली गेली, ही गोष्ट सर्वांना माहीत आहे. तेथे भव्य असे काहीच नव्हते. जागा होती आणि ती परवडणाऱ्या दरात नेमाने मिळत होती.

जागा नेमाने मिळावी यासाठी जो खर्च येतो तो कमालीचा नीरस असतो. विजेचे बिल (सभागृह म्हटले की दर घरगुती नव्हे), मिळकतकर, राखणदार आणि झाडलोट करणाऱ्या बाईंचा पगार, अग्निशमन यंत्रांचे वार्षिक भरण, पावसाळ्यापूर्वी पत्र्यांची डागडुजी, जळालेले दिवे, लेखापरीक्षकांची फी. पूर्वी देवस्थानांना ‘दिवाबत्तीसाठी’ म्हणून इनाम जमिनी दिल्या जात. उत्सवासाठी वेगळे आणि रोजच्या दिव्यासाठी वेगळे, अशी विभागणी त्या सनदांमध्येही दिसते. देणाऱ्याला ठाऊक होते की उत्सव वर्षातून एकदा येतो, दिवा मात्र रोज लावावा लागतो. आजच्या अनुदान योजनांना नेमके याचेच विस्मरण झाले आहे.

केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाच्या कला संस्कृती विकास योजनेचे उदाहरण घेतो. तिच्याखाली सांस्कृतिक कार्यक्रम व निर्मितीसाठी अनुदान आहे. गुरु-शिष्य परंपरेच्या नावाने नाट्य, नृत्य व संगीत पथकांना मासिक मानधन आहे, ज्यात गुरूला १५,००० आणि प्रौढ शिष्याला १०,००० रुपये मिळतात. आणि इमारत व छोट्या नाट्यगृहांसाठीही अनुदान आहे, ज्याची कमाल मर्यादा महानगरांत ५० लाख व अन्यत्र २५ लाख रुपये आहे. या तिन्ही योजना चांगल्या आहेत आणि त्यांवर देशभरातील कितीतरी संस्था उभ्या आहेत, हे मी प्रथम मान्य करतो. तथापि पहिली योजना कार्यक्रमासाठी आहे, दुसरी माणसांसाठी आणि तिसरी बांधकामासाठी. बांधून झालेल्या इमारतीत, कार्यक्रम नसलेल्या दिवशी, दार उघडून बसणाऱ्या संस्थेसाठी यांपैकी काहीच नाही. मानधनाच्या योजनेला पूर्णवेळ पथक अपेक्षित आहे, आणि तालुक्याच्या गावात पूर्णवेळ पथक म्हणजे काय हे मला अजून उमगलेले नाही. आमच्याकडे तालमीला येणारे नट हे शिक्षक, दूध संघातील कारकून, औषध दुकानदार आणि एक एसटीचे वाहक आहेत. त्यांची पाळी बदलली की आमच्या तालमीची वेळ बदलते.

आता कार्यक्रम अनुदानाचे गणित पाहावे. या अनुदानाची रक्कम प्रकल्प खर्चाच्या ७५ टक्क्यांपर्यंत आणि सामान्यतः पाच लाखांपर्यंत मर्यादित असते, उरलेला हिस्सा संस्थेने उभारायचा असतो, आणि मंजूर रक्कमसुद्धा दोन हप्त्यांत, ७५ व २५ टक्के अशी, मिळते. समजा संस्थेने चार लाखांचा महोत्सव योजला. त्यावर तीन लाख मंजूर झाले, तर पहिला हप्ता सव्वादोन लाखांचा येणार. म्हणजे कार्यक्रमाच्या दिवशी पावणेदोन लाख रुपये संस्थेला आपल्या खिशातून घालायचे आहेत. त्यातील पाऊण लाख पुढे कधीतरी परत येतील आणि एक लाख कायमचे गेले. ज्या संस्थेची वर्षभराची दिवाबत्तीच वर्गणीवर चालते, तिने हे पावणेदोन लाख आणायचे कोठून? ती ते आणते, आणि ते नेहमी एकाच ठिकाणाहून येतात: वीजबिलासाठी, पगारासाठी आणि पत्र्यांसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून.

आमच्या बाबतीत हेच घडले. काही वर्षांपूर्वी आम्हाला तीन दिवसांच्या नाट्य-संगीत महोत्सवासाठी अनुदान मंजूर झाले, तेव्हा गावात पेढे वाटले गेले आणि स्थानिक वाहिनीने अध्यक्षांची मुलाखत घेतली. महोत्सव उत्तम झाला. दुसरा हप्ता मात्र चौदा महिन्यांनी आला, आणि त्या चौदा महिन्यांत आमच्या राखणदाराचा पगार तीनदा थकला, कथकचा वर्ग पाच महिने बंद राहिला आणि पावसाचे पाणी उतरून लाकडी रंगमंचाची एक बाजू फुगली. कोणा एका अधिकाऱ्याला दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही. त्या कार्यालयातील ज्यांच्याशी माझे फोनवर बोलणे होई, ते गृहस्थ सौजन्याने बोलत आणि त्यांच्याकडेही आमच्यासारख्या फायलींचा ढीग असणार. परंतु ज्या वर्षी आमच्या केंद्राला त्याच्या इतिहासातील सर्वांत मोठी रक्कम मिळाली, त्याच वर्षी ते सर्वांत अधिक दिवस बंद राहिले, ही गोष्ट माझ्या खतावणीत शाईने लिहिलेली आहे.

हिशेब सादर करण्याचाही एक अनुभव सांगतो, कारण त्यात छोट्या गावाची अडचण स्पष्ट दिसते. शासकीय पैशाचे उपयोगिता प्रमाणपत्र ठरावीक नमुन्यात द्यावे लागते, सनदी लेखापालाची सही लागते, सर्व देयके छापील लागतात, आणि यात गैर काही नाही. जनतेच्या पैशाचा हिशेब चोख असलाच पाहिजे, बँकेत पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाला हे निराळे सांगायला नको. अडचण अशी की आमच्या तंबोऱ्यांची जवारी (सूर घुमावा म्हणून तारांखालच्या घोडीची करावी लागणारी घासणी) मिरजेचे एक वृद्ध कारागीर काढतात. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण या कारागिरांकडे ना छापील पावतीपुस्तक ना जीएसटी क्रमांक. मांडव घालणारे, चहा देणारे, नेपथ्याचे सामान टेम्पोतून आणणारे, सगळ्यांची तीच तऱ्हा. परिणामी कागदपत्रे नीट मिळावीत म्हणून आम्ही पुढच्या खेपेला ध्वनियंत्रणा, मांडव आणि भोजन या सर्वांचे काम शहरातील एकाच कंत्राटदाराला दिले. देयक सुबक आले, खर्च दीडपट झाला, आणि गावात जिरायला हवे होते ते पैसे गावाबाहेर गेले.

याहून खोल परिणाम संस्थेच्या वृत्तीवर होतो. अर्जात विषय लिहावा लागतो, म्हणून विषय शोधले जातात; ज्या वर्षी ज्या गोष्टीचा अमृतमहोत्सव वा शताब्दी असेल तिच्यावर कार्यक्रम बसवले जातात. कार्यकारिणीच्या सभेत पूर्वी ‘या वर्षी मुलांना काय शिकवायचे’ यावर तासभर वाद होई, आता ‘या वर्षी कशाला पैसे आहेत’ यावर होतो. आमच्या तबल्याच्या गुरुजींनी एकदा शांतपणे विचारले होते की, कायदा आणि पेशकार या तबल्यातल्या रचना शिकायला किती वर्षे लागतात याचा रकाना त्या अर्जात कोठे आहे. सभेत सगळे हसले, मीही हसलो.

आश्रय देणाऱ्याच्या मर्जीवर कला अवलंबून असली की काय होते, हे आम्हा सांगलीकरांना नवे नाही. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले ते सांगलीचे संस्थानिक श्रीमंत चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने. १८५१ मध्ये चिंतामणराव निवर्तले, आश्रय संपला, आणि भाव्यांना मंडळी घेऊन बाहेर पडावे लागले. १८५३ मध्ये त्यांनी मुंबईत तिकीट लावून खेळ केले. मराठी नाटक लोकाश्रयाकडे वळले त्याचे हे एक कारण, आणि ते पुढे नाटकाच्या पथ्यावरच पडले असे आपण अभिमानाने सांगतो. पण भाव्यांची मंडळी बैलगाडीत घालून मुंबईला नेता येत होती. केंद्राची इमारत, तिच्यातला सराव आणि तिच्या पायरीवर चपला काढून वर्गात शिरणारी आठ वर्षांची मुले कोठे नेता येत नाहीत.

यावर नेहमी येणारा आक्षेप असा की, कला चांगली असेल तर प्रेक्षक तिकीट काढतील. पूर्व विदर्भातील झाडीपट्टी पाहा, तेथे कोणाच्या अनुदानाशिवाय दिवाळीनंतरच्या हंगामात रात्र रात्र नाटके चालतात आणि देसाईगंज-वडसा हे त्या उलाढालीचे केंद्र बनले आहे. झाडीपट्टीविषयी मला अतिशय आदर आहे, आणि २०२३ मध्ये तेथील ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्याही केंद्रात त्यांचा फोटो लावून छोटासा कार्यक्रम झाला. मात्र झाडीपट्टीत विकला जातो तो प्रयोग. गावच्या मंडळाने मंडई (तिकडची दिवाळीनंतरची जत्रा) वा शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) निमित्ताने मांडव घालायचा आणि कंपनीने येऊन खेळ करायचा. आमच्या सभागृहात १०० रुपये तिकिटाने सर्व खुर्च्या भरल्या तरी १२,००० रुपये जमतात, आणि त्यात बाहेरून आलेल्या संस्थेचे मानधन व टेम्पोभाडेही कसेबसे निघते. (५०० रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटावर जीएसटी नाही, ही सवलत आम्हाला पुरून उरते.) शिवाय जी जागा मुख्यतः शिकण्याची आणि तालमीची आहे, तिने तिकिटावर जगावे ही अपेक्षा आपण ग्रंथालयाकडून करत नाही.

ग्रंथालयाचा उल्लेख मी मुद्दाम केला, कारण मला वाटते त्या व्यवस्थेचा नमुना आपल्या राज्यातच पूर्वीपासून अस्तित्वात आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ साली झाला. त्याखाली मान्यताप्राप्त ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग केले जातात आणि त्या वर्गानुसार त्यांना दरवर्षी परिरक्षण अनुदान मिळते. परिरक्षण हा शब्दच पाहावा. नवे काही करून दाखवा तर देऊ, असे त्यात नाही. जे आहे ते नीट चालवा, वेळेवर उघडा, वाचक ठेवा, नोंदवह्या ठेवा, यासाठी ते आहे. २०२२ मधील वाढीनंतरही ड वर्गाच्या ग्रंथालयाला वर्षाला ४८,००० रुपयेच मिळू लागले, त्यातून ग्रंथपालाचा संसार चालत नाही, आणि ग्रंथालय कर्मचाऱ्यांच्या तक्रारी आपल्याच दैनिकातून आम्ही वाचत असतो. त्या तक्रारी खऱ्या आहेत. तरीही ४८,००० रुपये दरवर्षी येणार हे ज्या संस्थेला ठाऊक आहे तिला पुढच्या वर्षीचा विचार करता येतो. तीन लाख येतील किंवा येणार नाहीत, आले तर केव्हा येतील ते सांगता येत नाही, अशा स्थितीत तो करता येत नाही. आमच्या गावात एकाच रस्त्यावर समोरासमोर एक ब वर्ग ग्रंथालय आणि आमचे केंद्र आहे. दोन्हींचे उद्दिष्ट मला सारखेच वाटते, पण एकाला शासन ओळखते आणि दुसऱ्याची गणना कोठेही नाही.

म्हणून माझी सूचना अशी आहे की, जी बिगरव्यावसायिक केंद्रे सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली आहेत, वर्षातील ठरावीक दिवस उघडी असतात, नियमित वर्ग घेतात आणि स्थानिक हौशी मंडळांना अल्प दरात जागा देतात, त्यांची राज्याने ग्रंथालयांप्रमाणे वर्गवारी करावी आणि त्यांना परिरक्षण अनुदान द्यावे. रक्कम लहान असली तरी चालेल. मात्र ती तीन वर्षांसाठी एकदम मंजूर व्हावी, आर्थिक वर्षाच्या आरंभी आणि मध्यावर अशा दोन हप्त्यांत मिळावी, आणि तिचा हिशेब आम्ही धर्मादाय आयुक्तांकडे जी लेखापरीक्षित पत्रके दरवर्षी सादर करतोच, त्यांच्याच आधारे स्वीकारला जावा. ते अनुदान केंद्राच्या चालू खर्चाच्या निम्म्याहून अधिक असू नये, असेही मी सुचवीन. हे लिहिल्याबद्दल आमचेच काही विश्वस्त माझ्यावर रागावतील. पण ज्या केंद्राचा निम्मा खर्च उचलायला गाव तयार नाही, त्याची गावाला कितपत गरज आहे हा प्रश्न विचारला जायला हवा.

दीर्घ मुदतीच्या आधाराने काय साधते याचे उदाहरण जुने आहे, पण विसरण्याजोगे नाही. १९८५ ते १९९४ या काळात पुण्याच्या थिएटर अकादमीने फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने नाटककारांसाठी आणि प्रादेशिक नाट्यसंस्थांच्या विकासासाठी योजना राबवल्या. नाटककार सतीश आळेकर यांचा त्यात पुढाकार होता. पैसा परदेशी संस्थेचा असला तरी एका कार्यक्रमापुरते न पाहता अनेक वर्षांचा विचार करण्याची मुभा त्यात होती. आज तशी मुभा देणारे दाते थोडे आहेत. कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या निधीकडे बोट दाखवले जाते, आणि २०१३ च्या कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत कला व संस्कृतीचा समावेश आहे हे खरे. पण आमच्या तालुक्यात त्या कायद्याच्या कक्षेत येणारी कंपनी एकही नाही, आणि पुण्या-मुंबईच्या कंपन्यांना आपल्या कारखान्याच्या आसपास खर्च करायचा असतो. त्यांच्याकडे दोनदा जाऊन आलो. दोन्ही वेळा चहा मिळाला.

आता आमच्यासारख्या संस्थांचे दोषही लिहितो, कारण ते लपवून अनुदान मागणे मला पटत नाही. आपल्याकडे बहुतेक कलासंस्था एका माणसाच्या उत्साहावर चालतात. त्याचे वय झाले की विश्वस्त मंडळातील बदलांची नोंदसुद्धा वर्षानुवर्षे धर्मादाय कार्यालयात केली जात नाही, आणि मग नवे दाते व बँका दोघेही दार लावतात. सभासद वर्गणी वीस वर्षांपूर्वीची तशीच ठेवलेली असते, कारण ती वाढवण्याचा विषय काढणाऱ्यालाच वाईट म्हटले जाते. आम्हीही त्यातलेच होतो. महोत्सवाच्या फटक्यानंतर आम्ही तीन गोष्टी केल्या: वर्गणी दुप्पट केली, अनुदानासाठी बँकेत वेगळे खाते उघडले, आणि सहा महिन्यांच्या दिवाबत्तीइतकी मुदत ठेव करून तिला हात लावायला सर्वसाधारण सभेची परवानगी आवश्यक केली. ती ठेव पूर्ण व्हायला चार वर्षे लागली. त्या चार वर्षांत आम्ही कार्यक्रम अनुदानासाठी एकही अर्ज केला नाही, आणि केंद्र एकही दिवस बंद राहिले नाही.

महाराष्ट्राने २०१० मध्ये पहिले सांस्कृतिक धोरण जाहीर केले आणि २०२४ मध्ये त्याची नवी आवृत्ती आणली. धोरणाच्या अंमलबजावणीत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत पहिले पाऊल म्हणून सांस्कृतिक कार्य संचालनालयाने तालुका व गाव पातळीवर अशी किती केंद्रे प्रत्यक्ष चालू आहेत याची मोजदाद करावी, अशी माझी आपल्या दैनिकामार्फत विनंती आहे. ज्यांना आमचा जमाखर्च नमुन्यादाखल पाहायचा असेल त्यांनी अवश्य यावे. रविवारी सकाळी दहा ते बारा मी कीर्द लिहीत केंद्रातच बसलेला असतो. माडीवर त्या वेळी मुलांचा तबल्याचा वर्ग चालू असतो, त्यामुळे थोडे मोठ्याने बोलावे लागेल.

आपला विश्वासू,
एका तालुका कलाकेंद्राचा कोषाध्यक्ष
जिल्हा सांगली
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)